अकरा साबणांची न्हाणी

शिवरात्र होऊन चार दिवस झाले होते. गणपत नेहमीप्रमाणे उजाडताच पोफळींना पाणी लावायला पाटावर गेला होता. सासूबाई राधाबाई पुढच्या पडवीत पेजेचा वाडगा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आणि नर्मदा मागच्या न्हाणीत, चुलीवरच्या भाण्यातलं पाणी पुरेसं तापलंय याची खात्री करून, कोरडं लुगडं दोन्ही हातांत धरून भिंतीकडे तोंड करून उभी होती.

हे उभं राहणं रोजचंच. न्हाणीच्या भिंतीत फणसाच्या लाकडाच्या पाच खुंट्या होत्या आणि त्या पाचही नर्मदेच्या डोक्यापासून दीड हात उंच होत्या. टाचा उंचावल्या, बोटं ताणली, तरी खुंटी वीतभर वरच राहायची. म्हणून लुगड्याची घडी करायची, एक पाऊल मागे सरायचं, आणि पोफळीवर दोर फेकावा तशी ती घडी वर भिरकवायची. पदराचं टोक लोंबतं राहिलं की काम झालं, आंघोळीनंतर ते ओढून लुगडं खाली घेता येई. दहा वेळांतल्या सहा वेळा लुगडं खुंटीवर बसे. उरलेल्या चार वेळा ते ओल्या दगडावर पडे आणि नर्मदा दिवसभर अर्धओल्या लुगड्यात वावरे.

आज तिने नेम धरला, हात मागे नेला, आणि नेमक्या त्याच क्षणी पलीकडून भिंतीवर ठक ठक ठक अशी जोरदार थाप पडली. लुगडं खुंटीला शिवून थेट पाण्याच्या घंगाळात.

"कोण ता? न्हाणीत माणूस आसा!" नर्मदा ओरडली.

बाहेरून एक ओशाळा आवाज आला. "वयनी, मी महादू गवंडी. तुमी आत आसात ता माका काय ठावक! चिरो पोकळ झालो काय ता वाजवून बघत होतंय."

"सकाळी सकाळी आमच्या न्हाणयेचो चिरो तुका कित्याक होयो रे?"

"भाईंचो कागद इलोसा मुंबयसून. न्हाणी पाडून नवी करूची आसा म्हणतत."

घंगाळातलं लुगडं पिळता पिळता नर्मदा थांबली. तिने काही बोलायच्या आधीच पडवीतून राधाबाईंचा आवाज उठला. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंना जेवायला हाक मारली तर ऐकू येत नसे, पण न्हाणीमागची कुजबूज पडवीत ऐकू येई.

"कोणाची न्हाणी पाडतंस रे मेल्या? माझ्या घोवान बांधल्यान ती!"

थोड्या वेळाने नर्मदा ओलं लुगडं नेसूनच बाहेर आली. महादू खळ्यात उकिडवा बसून हातातला कागद उलटासुलटा करत होता. अक्षराशी त्याचं फारसं सख्य नव्हतं. नर्मदा चौथी शिकलेली, त्यामुळे वाडीतले निम्मे कागद तिच्याकडेच वाचायला येत. तिने कागद घेतला आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचला.

थोरले दीर हरिश्चंद्र, ज्यांना घरदार भाई म्हणे, मुंबईत एका गिरणीच्या कचेरीत होते, आणि त्यांचं पत्रही कचेरीतून निघाल्यासारखंच असे. "चि. महादू यास आशीर्वाद. आमच्या घरची न्हाणी पाडून तेथे पक्के सिमेंटचे न्हाणीघर करावे. नकाशा सोबत जोडला आहे. शहाबादी फरशी व आरसा बोटीने धाडत आहे. आम्ही मंडळी वैशाखात येऊ, तोवर काम पुरे व्हावे. खुंट्या पाच, मजबूत, पहिल्या होत्या त्याच उंचीवर घ्याव्या, म्हणजे कपड्यांवर पाणी उडत नाही." नर्मदेचा आवाज इथे जरा खाली आला, पण ती वाचत राहिली. "सौ. नर्मदेस साबणांचा भारी शौक आहे, सबब साबणांसाठी कोनाडा ऐसपैस ठेवावा."

इथे मात्र ती थांबलीच.

महादूने तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांना शिकेकाईचा आणि रिठ्याचा वास येत होता, जसा तो गेली चोवीस वर्षं येत होता. "शौक आसा काय वयनी तुमका साबणाचो?" त्याने भाबडेपणाने विचारलं.

"माका कसलो शौक!" नर्मदा म्हणाली. थट्टा आहे की टोमणा, तिला कळेना. मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "खुंटये सगळे सिमेटात बसवतलंस?"

"तर! सिमेटात एकदा बसले काय बसले. मगे नातवंडांच्या लग्नापर्यंत हलूचे नाय." महादू उठला. "पाडव्याच्या दुसऱ्या दिसापासून काम धरतंय. तवसर न्हाणी रिकामी करून ठेवा. आत म्हाळसाकांत जाणे काय काय भरून ठेवलासा तुमी."

तो गेला आणि नर्मदा दारात उभी राहून न्हाणीकडे बघत राहिली. नातवंडांच्या लग्नापर्यंत. म्हणजे तिचा सगळा जन्म.

खुंटीची गोष्ट ती एका वाक्यात सांगू शकली असती. नवऱ्याला सांगितलं असतं तर गणपतने त्याच दिवशी फणसाची फांदी तासून खाली एक खुंटी ठोकली असती, इतका तो साधा माणूस. पण तो बारा महिने विहिरीवर आंघोळ करी, न्हाणीत त्याचं पाऊलही पडत नसे, आणि बायको अजून रोज लुगडं फेकते हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि नर्मदेने सांगितलं नव्हतं त्याला कारण होतं.

ती सोळाव्या वर्षी आरोंद्याहून धामापूरच्या या घरात आली. हे घर ताडमाड माणसांचं. सासरे सहा फुटी, मुलगे बापावर गेलेले, सासूसुद्धा उंबऱ्यात उभी राहिली की चौकट भरून जाई. पहिल्या सकाळी नवी नवरी न्हाणीत गेली, तिने लग्नातलं लाल लुगडं खुंटीवर टाकायला म्हणून फेकलं आणि ते चुलीवरच्या भाण्यात जाऊन पडलं. लुगड्याचा रंग कच्चा होता. त्या दिवशी घरातल्या अकरा माणसांनी गुलाबी पाण्याने आंघोळ केली. रंगपंचमी लवकर आली म्हणून सासरे पोट धरून हसले, धाकटा दीर लवू तेव्हा दहा वर्षांचा होता, तो महिनाभर तिला "गुलाबी वयनी" म्हणत राहिला, आणि शेजारणी मुद्दाम भाणं बघायला आल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण सोळा वर्षांच्या नर्मदेने त्या दिवशी ठरवलं, की या घरात आपल्या उंचीबद्दल आपल्या तोंडून पुन्हा अवाक्षर निघायचं नाही. आणि ती ठरवलेलं मोडणारी बाई नव्हती. मध्यंतरी तिने ओंडक्यावर चढून पाहिलं, तेव्हा शेवाळावर ओंडका सरकला आणि मनगट महिनाभर बांधून ठेवावं लागलं. विचारणाऱ्यांना तिने विहिरीवर पडले म्हणून सांगितलं.

आता मात्र प्रश्न सिमेंटचा होता. फणसाची खुंटी कधीतरी कुजते, मोडते, आशा राहते. सिमेंटचं तसं नाही.

पण आधी न्हाणी रिकामी करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने लुगडं वर खोचलं, डोक्याला फडकं बांधलं आणि सुरुवात केली. न्हाणी तशी लहान नव्हती, पण तिच्यात आंघोळीपुरती जागा सुपाएवढीच उरली होती. बाकी सगळीकडे तीस वर्षांचा संसार. एका कोपऱ्यात नारळाची सोडणं आणि चुडतं, ती चुलीला लागायची म्हणून ठीक. पण त्यांच्या आड तळ गेलेल्या तीन कळश्या, कान तुटलेली बादली, कुणाचा तरी एक खडाव, सासऱ्यांची दाढीची वाटी, दंतमंजनाचे सतरा रिकामे डबे ज्यांतल्या नवांत दोडक्याचं आणि भोपळ्याचं बी होतं, आणि लेबलं पुसलेल्या तेलांच्या बाटल्या, ज्यांच्यातलं कुठलं गुडघ्याचं आणि कुठलं बैलाच्या खांद्याचं हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि मधोमध बंब.

हा बंब लवूने नोकरी लागल्याच्या वर्षी मुंबईहून आणला होता. मालवण बंदरात तो बोटीतून उतरला तेव्हा तांब्याचा तो चकचकीत उभा डेरा आणि वरची नळी पाहून हमालाने देवळाचा कळस समजून त्याला हात जोडले, आणि त्याचे जास्तीचे पैसे घ्यायला नकार दिला. घरी बंब पेटवला तो बरोबर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी नळीतून उडालेली ठिणगी वरच्या झापांच्या छपरात गेली आणि गणपतने विहिरीचं पाणी ओतून न्हाणीसकट बंब विझवला. तेव्हापासून बंबात शिकेकाई साठवली जाई.

नर्मदेने खळ्यात तीन ढीग घातले. एक वापरायच्या वस्तूंचा, एक देऊन टाकायचा, आणि एक कोणाचं ते ठाऊक नसलेल्यांचा. दुपारपर्यंत तिसरा ढीग डोक्याएवढा झाला.

न्हाणीतल्या पसाऱ्याच्या तळाशी लाकडाचा एक बुटका पाट निघाला, सुईणीने पाय पसरून बसायचा. त्यावर बसून नर्मदेच्या रुक्मिणीला, तिच्या एकुलत्या एका मुलीला, पहिले चाळीस दिवस न्हाऊ घातलं होतं. पाटाच्या कडेला अजून तेलाचा काळा डाग होता. नर्मदेने तो डाग अंगठ्याने पुसला, गेला नाही. पाट तिने कुठल्याच ढिगात न टाकता तुळशीपाशी उन्हात उभा केला. रुक्मिणीला सातवा महिना होता. या पाटाला लवकरच काम लागणार होतं.

जेवण करून ती पुन्हा खळ्यात आली तर पहिला ढीग होता तसाच, पण तिसरा कंबरेएवढाच. तिने न्हाणीत डोकावलं. तळ गेलेल्या तिन्ही कळश्या आपापल्या जागी परत विराजमान.

"आये," तिने पडवीत हाक मारली, "कळशे पाय फुटून आत गेले काय?"

"माका काय विचारतंस? माझो गुडघो दुखता, मी खंय उठतंय?" राधाबाई पान कुटत म्हणाल्या. त्यांच्या पदराला राख लागलेली होती.

नर्मदेने ती राख बघितली. कळश्या तिने पुन्हा बाहेर काढल्या. संध्याकाळी त्या पुन्हा आत. दुसऱ्या दिवशी बादली, खडाव आणि चार बाटल्या परत आल्या. सासूसुनेचा हा खेळ तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी गणपत जेवताना म्हणाला, "आये, तुजो गुडघो बरो झालोसा दिसता. काल बंब उचलून नेताना बघलंय मी तुका."

"वस्तू टाकूची नसता रे," राधाबाई चिडून म्हणाल्या. "जेची वस्तू घरात आसा, तो माणूस घराक परत येता."

ही राधाबाईंची फार जुनी समजूत. भाई पहिल्यांदा मुंबईला निघाले त्या वर्षी त्यांचा पंचा न्हाणीत राहून गेला. आईने तो हलवला नाही. पुढच्या शिमग्याला भाई सुखरूप घरी आले, पगाराची नोकरी घेऊन. झालं, तेव्हापासून या घराचा नेम ठरला, की बोटीला जाणाऱ्या माणसाने आपलं काहीतरी न्हाणीत ठेवून जायचं आणि मागे राहिलेल्यांनी त्याला हात लावायचा नाही. राधाबाई निघणाऱ्याला दारात अडवून विचारत, "काय ठेवलंस?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय बैलगाडी हलू देत नसत.

नर्मदेला या समजुतीवर हसू येत नसे. दोन मुलगे मुंबईत, मधे समुद्र, आणि वर्षातून एकदा दिसणारी तोंडं. तळ गेलेल्या कळशीवर भिस्त ठेवावीशी वाटते माणसाला. पण न्हाणी रिकामी व्हायलाच हवी होती. तिने एक युक्ती केली.

"खरा आसा तुमचा, आये," ती म्हणाली. "माणसांच्या वस्तू उघड्यार नको. त्यो तुमच्या खाटीखाली ठेवूया. तुमच्या डोळ्यांम्होरच रवतल्यो."

राधाबाईंना हे एकदम पटलं. कळश्या, बादली, खडाव, बंब, बाटल्या सगळं खाटेखाली गेलं. पहिल्या दिवशी त्या मान वाकवून खजिना बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा पानाचा डबा बंबाच्या मागे गेला तो काठीनेही निघेना. तिसऱ्या दिवशी खाटेवरून पाय खाली सोडला तो थेट बादलीत. चौथ्या दिवशी सकाळी एका बाटलीतून बैलाच्या खांद्याचं तेल गळून अंथरुणाला असा काही दर्प सुटला की राधाबाई स्वतःच ओरडल्या, "नर्मदे! गो नर्मदे! हा सगळा व्हर बाहेर!"

"आणि माणसां परत येवची कशी?" नर्मदेने साळसूदपणे विचारलं.

"येतली गो येतली. भाईचो पंचो ठेव एक. तेवढो पुरे. सगळो प्रताप तेचोच."

अशा रीतीने तिसरा ढीग सुटला. भाईंचा पंचा राधाबाईंच्या उशाशी गेला, कळश्या तांबटाकडे गेल्या, बाटल्या विहिरीमागच्या खड्ड्यात गेल्या, आणि बंबात आता शिकेकाईऐवजी भाताचं बियाणं ठेवायचं ठरलं. न्हाणीत राहिले ते फक्त साबण.

साबण अकरा होते. भिंतीतल्या कोनाड्यात दोन रांगांत, प्रत्येक साबणावर नारळाची करवंटी उपडी घातलेली, कारण उंदरांना साबण फार आवडतो. करवंटीवर नर्मदेने कोळशाने खूण केलेली, मोठ्या जावेचा सुगंधाचा की लवूच्या बायकोचा विमलाचा, आणि कुठल्या वर्षीचा. सात वर्षांपूर्वीपासून सुगंधावहिनी दर उन्हाळ्यात एक साबण ठेवून जात, आणि चार वर्षांपासून विमलाही. गुलाबी, हिरवे, चंदनी, एक तर अजून कागदातसुद्धा. नर्मदा महिन्यातून एकदा करवंट्या उचलून साबण पुसून ठेवी, वास घेई, आणि पुन्हा झाके. एकदा, फक्त एकदा, रुक्मिणीच्या लग्नाच्या दिवशी, तिने हिरव्या साबणावरून ओलं बोट फिरवून गालाला लावलं होतं. मग दिवसभर तिला चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

"ह्ये खंय ठेवू?" तिने सासूला विचारलं.

"त्येंका हात लावू नको. परक्याची ठेव ती."

पण नव्या न्हाणीत जागा ठरवायची तर मालक कोण ते विचारायला हवं होतं. नर्मदेने मुंबईला कार्ड टाकलं. दोन्ही जावा एकाच चाळीत, त्यामुळे कार्ड एकच. "ती. सौ. सुगंधावहिनींस सा. न. न्हाणी रिकामी करीत आहे. आपले सात व सौ. विमलाचे चार असे एकूण अकरा साबण जसेच्या तसे जपून ठेवले आहेत. एकालाही उंदीर लागू दिलेला नाही. ते आपण आल्यावर वापराल की कसे, ते कळवावे. भाईंनी मला साबणांचा शौक असल्याचे लिहिले आहे, त्याचा अर्थ लागला नाही. काही चुकले असल्यास सांगावे."

उत्तर पाडव्याच्या दिवशी आलं. गुढी उभारून झाली होती, गणपत पडवीच्या पायरीवर बसला होता, आणि राधाबाई नैवेद्य झाकून ठेवत होत्या. नर्मदेने पत्र फोडलं आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली.

"सौ. नर्मदा हिस अनेक आशीर्वाद. तुझे कार्ड वाचून आम्ही दोघी आधी हसलो आणि मग विमलाच्या डोळ्यांत पाणी आले. अगं, ते साबण तुझ्यासाठीच होते. सासूबाईंच्या समाधानाला काहीतरी ठेवून जायचे, मग तुझ्या उपयोगाचे तरी ठेवावे, असा मी विचार केला. हातात द्यावे तर तू घेतली नसतीस, मागे एकदा बांगड्या दिल्या त्या तू नको म्हणालीस. म्हणून न सांगता ठेवत गेले. दरवर्षी यावे तर कोनाड्यात आदल्या वर्षांचे साबण रांगेत झाकून ठेवलेले! आम्हाला वाटले, हिला साबण जमवायची हौस आहे. भाईंनाही तसेच सांगितले. तू वापरले नाहीस आणि आम्ही सांगितले नाही. सात वर्षे गेली बघ. आता एक तरी लाव."

नर्मदेने पत्र खाली केलं. गणपत आधी गालातल्या गालात हसत होता, मग त्याला आवरेना. "म्हंजे अकरा साबण तुजे, आणि तू शिकेकाय लावतंस! उंदरांपासून राखलंस, पण कोणासाठी? सोताच्या साबणार पहारो!"

"हसतंस काय मेल्या," राधाबाईंनी मुलाला झापलं, पण त्यांचेही खांदे हलत होते. "नर्मदे, माका तरी काय ठावक गो! मीच हात लावूक देवक नाय तुका."

नर्मदाही हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग ती न्हाणीत गेली, करवंट्या एकेक उलथ्या केल्या, आणि त्रेपन्न सालचा गुलाबी साबण उचलला. तो वाळून चिऱ्यासारखा कडक झाला होता, मधे भेग गेली होती. पाण्याखाली बराच वेळ धरल्यावर कुठे फेस आला. वास मात्र पूर्ण शाबूत. सणाची दुसरी आंघोळ करून ती बाहेर आली तेव्हा शेजारची तुळसा कुंपणापलीकडून म्हणाली, "कोण पावणी इलीसा गो तुमच्याकडे?"

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी भांडी घासताना नर्मदेच्या मनात पत्रातलं एक वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं. तू वापरले नाहीस आणि आम्ही सांगितले नाही. सुगंधावहिनी वाईट नव्हत्या. विमला तर जीव लावणारी. सासरे तिला हसले, पण त्याच सासऱ्यांनी तिच्या बाळंतपणात भाणं भरून पाणी स्वतः वाहिलं होतं. या घरात तिचं काही कुणी अडवून ठेवलेलं नव्हतं. तिनेच चोवीस वर्षं करवंटी उपडी घालून ठेवली होती.

महादू त्याच दिवशी आला. भिंत पाडली, नवी चढली. चुन्याऐवजी सिमेंट, दगडाऐवजी करडी गुळगुळीत शहाबादी फरशी, चुलीला धुराडं, आणि सांडपाणी पहिल्यासारखंच पोफळींकडे जाणारं, कारण गणपतने तेवढं एक बजावून सांगितलं होतं. बोटीने आलेला आरसा बसला. कोनाडा भाईंच्या हुकुमाप्रमाणे इतका ऐसपैस झाला की राधाबाई म्हणाल्या, ह्याच्यात गणपती बसात. नर्मदेने त्यात तीनच वस्तू ठेवल्या. वापरातला गुलाबी साबण, शिकेकाईचा डबा आणि खोबरेलाची बाटली. बाकीचे दहा साबण तिने एका डब्यात भरले. दोन रुक्मिणीला जायचे होते, पाटाबरोबर.

अकराव्या दिवशी खुंट्यांची पाळी आली. महादूने फणसाच्या पाच नव्या खुंट्या तासून आणल्या होत्या. सिमेंट कालवून तयार होतं. तो भिंतीपाशी उभा राहिला आणि हात वर ताणून कोळशाने एक रेघ मारली. रेघ अगदी पहिल्या खुंट्यांच्याच उंचीवर.

"हंयच ना वयनी? भाईंनी लिवल्यासारख्या?"

दारात गणपत उभा होता, कधी नव्हे तो न्हाणीत डोकवायला आलेला. त्याच्या मागे काठी टेकत राधाबाई. दोघेही चौकटीएवढे उंच.

"बरी आसा उंची," गणपत म्हणाला. "पाणी उडूचा नाय."

महादूने पहिली खुंटी सिमेंटात बुडवली. नर्मदेच्या हातात तिचं कोरडं लुगडं होतं, आंघोळीला जायच्या तयारीत ती कामाची वाट बघत उभी होती. तिने ते लुगडं घडी करून खांद्यावर टाकलं, नव्या फरशीवरून चालत भिंतीपाशी गेली, आणि उजवा हात वर केला. टाचा उचलल्या नाहीत. बोटं जिथे सहज टेकली तिथे तिने अंगठ्याने ओल्या गिलाव्यावर खूण दाबली. ती खूण महादूच्या रेघेच्या हातभर खाली होती.

"हंय काय?" महादू गोंधळला. "ता लय खाली जाता वयनी. भाई काय म्हणतले?"

गणपत बायकोच्या हाताकडे बघत होता, मग त्याने वरच्या रेघेकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे. तो काहीतरी बोलणार होता. राधाबाईंनी त्याच्या पाठीत काठी टोचली.

"तिका बोलूक दी," त्या म्हणाल्या.

नर्मदेला हसू आलं. मग ती महादूकडे वळून म्हणाली, "तुजे पाच खुंटये वरच बशव. माका फकस्त एक खुंटी होयी, माजो हात पावता थंय."